चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिली शर्यत: २०० मीटर फ्रीस्टाइलच्या तयारीचं वर्ष

मोठ्या वयात स्पर्धेत पोहायचं ठरवलं की सुरुवातीला कुणाला काय विचारावं हेही कळत नाही. मुलांसाठी शिबिरं असतात, बॅचेस असतात. मोठ्यांच्या वेळेत प्रत्येक जण आपापलं पोहत असतो आणि कुणी कुणाला काही सांगत नाही. मी जानेवारीत ठरवलं आणि नोव्हेंबरात २०० मीटर फ्रीस्टाइलची शर्यत पोहले. मधल्या महिन्यांत जे घडलं ते क्रमाने लिहिते आहे. या वाटेला लागणाऱ्या कुणाला तरी पुढचं वळण आधी दिसावं, एवढाच हेतू.

मी पोहायला लहानपणीच शिकले होते. गेली काही वर्षं नियमित तलावावर जात होते, पाऊण तास न थांबता पोहू शकत होते. तरी वेळ लावून पाहिलं की आकडा तोच यायचा. जास्त जोर लावला तर पहिल्या दोन लांब्या (तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लांबी) जलद व्हायच्या आणि पुढे सगळं ढेपाळायचं.

पहिलं काम डॉक्टरांकडे जाण्याचं. स्पर्धेच्या अर्जासोबत वैद्यकीय दाखला लागतो हे ऐकलं होतं, पण त्यासाठी शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. चाळिशीनंतर हृदयाचे ठोके पूर्ण ताकदीने वाढवणारे सराव सुरू करायचे, तर तपासणी सरावाच्या आधी हवी. रक्तदाब, रक्ततपासणी, ईसीजी हे लगेच झालं. डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्टही (श्रम करताना हृदय कसं चालतं याची तपासणी) सांगितली आणि तिच्या तारखेसाठी दोनेक आठवडे थांबावं लागलं. तेवढे दिवस मी सावकाश पोहत राहिले. अहवाल चांगला आला तेव्हा मनावरचं एक ओझं उतरलं. पुढे वर्षभर दम लागला की घाबरायला झालं नाही, ते त्या अहवालामुळे.

कोच मिळायला जवळपास महिना गेला. मोठ्यांना शिकवणारे पुष्कळ असतात, पण त्यातले बहुतेक पोहता न येणाऱ्यांना शिकवतात. येत असलेलं पोहणं दुरुस्त करणारे कमी. शेवटी भेटलेली मुलगी वयाने माझ्याहून बरीच लहान, मला ‘ताई’ म्हणणारी. आठवड्यातून एकदा तिने पाहायचं आणि बाकीचे दिवस मी एकटीने सराव करायचा, असं ठरलं. खर्चाच्या दृष्टीने हीच पद्धत परवडणारी आहे. रोज कोच असून उपयोगही नाही, कारण एक सूचना अंगात मुरायला आठवडा लागतोच.

फेब्रुवारीत तिने दोन गोष्टी केल्या. बाजूने आणि पाण्याखालून माझा व्हिडिओ काढला, आणि एक चाचणी घेतली. चाचणी सोपी आहे, कुणालाही करता येईल. आधी ४०० मीटर पूर्ण ताकदीने पोहायचं, नीट विश्रांती घ्यायची, मग २०० मीटर तसंच. दोन्ही वेळांतला फरक काढून त्याचं निम्मं केलं की १०० मीटरचा जो वेग येतो, तो साधारणपणे तुम्ही बराच वेळ टिकवू शकाल असा वेग. माझे ४०० मीटर ९ मिनिटं २० सेकंदांत झाले, २०० मीटर ४ मिनिटं २४ सेकंदांत. म्हणजे १०० मीटरला २ मिनिटं २८ सेकंद. या वेगाने २५ मीटरची एक लांबी ३७ सेकंदांत होत होती आणि तेवढ्यात मी २६ हात मारत होते. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले.

व्हिडिओ बघणं अवघड गेलं. मनातल्या चित्रात मी आडवी पोहत होते. पडद्यावर माझे पाय कमरेपासून खाली लोंबत होते आणि श्वास घेताना डोकं वर यायचं, तेव्हा ते आणखी खाली जायचे. कोच म्हणाली, “ताई, तुम्ही ताकद भरपूर लावताय. ती सगळी पाणी ढकलत पुढे जाण्यात खर्च होतेय.”

तिने जे समजावलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरीच वर्षं वाचली असती. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे वेग १० टक्क्यांनी वाढवायचा तर अडथळा साधारण २१ टक्क्यांनी वाढतो आणि लागणारी शक्ती साधारण ३३ टक्क्यांनी. चाळिशीनंतर तेवढी ताकद कमावणं कठीण. पण लोंबणारे पाय वर आणणं, शरीर सरळ रेषेत ठेवणं हे कोणत्याही वयात जमतं आणि तिथे मिळणारा फायदा मोठा असतो. फुप्फुसांत हवा असते म्हणून छाती तरंगते, पाय जड म्हणून बुडतात. डोकं उचललं की तराजू आणखी मागे झुकतो.

मार्च-एप्रिल आम्ही फक्त श्वास आणि शरीराची ठेवण यावर घालवले. नजर तळाकडे, मान सैल, आणि तोंड पाण्यात असेपर्यंत श्वास सतत सोडत राहायचा. हा शेवटचा मुद्दा सांगितल्याशिवाय राहवत नाही. श्वास कोंडून ठेवला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्यामुळे जीव गुदमरल्यासारखा होतो. हवा कमी पडली असं वाटतं, खरं तर आतली बाहेर गेलेली नसते. मान वळवल्यावर मिळतो तो क्षण श्वास घेण्यापुरताच. त्यात सोडायचं आणि घ्यायचं दोन्ही केलं की डोकं जास्त वेळ वर राहतं, पाय पुन्हा खाली. नाकातून बारीक बुडबुडे सोडत राहणं मला आठवडाभर कृत्रिम वाटलं. मग एके दिवशी ८०० मीटर सलग पोहून झाले तरी दम लागला नव्हता. दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायचाही सराव केला. शर्यतीत मी उजवीकडूनच घेते, पण डाव्या बाजूच्या सरावाने अंगाचं वळणं दोन्हीकडे सारखं झालं.

पायांची अडचण निराळी होती. मोठ्यांचे घोटे आखडलेले असतात, विशेषतः धावणाऱ्यांचे. पाऊल मागे सरळ होत नाही, आणि मग किकबोर्ड (हातांत धरायची तरंगणारी फळी) घेऊन जीव तोडून पाय मारले तरी जागचं हलत नाही. घोट्यांचे ताण रोज पाच मिनिटं, आठवड्यातून दोनदा पायांत आखूड फिन्स (रबरी पर) लावून सराव, आणि गुडघ्याऐवजी मांडीपासून पाय हलवणं, असं चाललं. २०० मीटरसाठी आम्ही प्रत्येक हाताला एकच लाथ ठेवली, म्हणजे दोन हातांच्या एका चक्रात दोन. मांड्यांचे स्नायू मोठे असतात, ते भरपूर ऑक्सिजन खातात. सहा लाथांची लय शेवटच्या ५० मीटरसाठी राखून ठेवायची ठरली.

मे महिन्यात हातांकडे वळलो, आणि इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला. हात पाण्यात शिरल्यावर कोपर वर ठेवून पंजा आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग खाली वळवायचा, म्हणजे तो अख्खा भाग वल्ह्याचं काम करतो. याला कॅच म्हणतात. कोपर खाली पडलं की हात पाणी मागे ढकलण्याऐवजी खाली दाबत जातो आणि शरीर पुढे जायचं सोडून वर उचललं जातं. हे वाचून कळतं. पाण्यात कळायला मुठी मिटून पोहावं लागतं. मूठ मिटली की पंजाचा आधार जातो आणि कोपरापासूनचा हात वापरल्याशिवाय पुढेच सरकता येत नाही. चार लांब्या मुठीने, चार उघड्या हाताने, असं रोज. मूठ उघडल्यावर पहिल्या लांबीत पाणी जे हाताला लागतं, ती जाणीव लक्षात ठेवायची.

त्याच महिन्यात उजवा खांदा दुखायला लागला. फिजिओथेरपिस्टकडे गेले. माझा हात पाण्यात अंगठा आधी खाली घालून शिरत होता आणि डोक्यासमोरची मधली रेषा ओलांडून पलीकडे जात होता. प्रत्येक वेळी खांदा आतल्या बाजूला पिळला जात होता, आणि एका तासात हात शेकडो वेळा शिरतो. उपाय दोन झाले. हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे टाकायचा, बोटं आधी. आणि रबरी पट्ट्यांचे व्यायाम, ते आजही चालू आहेत. पॅडल, म्हणजे सरावात पंजाला बांधायच्या चकत्या, काही महिने बंद. दुखणं सहन करत पोहू नका, पहिल्या आठवड्यातच दाखवा. मला थोडक्या विश्रांतीवर भागलं ते लवकर गेल्यामुळे.

जून माझ्यासाठी सगळ्यात खडतर होता. तंत्र बदललं होतं, कोच खूश होती, आणि घड्याळ म्हणत होतं की मी फेब्रुवारीपेक्षा हळू पोहते आहे. हातांची संख्या २६ वरून १८ वर आली होती. मला ती मोठी कमाई वाटत होती. पण लांबीला ४५ सेकंद लागत होते. कोचने वहीत हात आणि सेकंद यांच्या दोन बेरजा मांडल्या; बेरीज कमी झाली तरच सुधारणा: फेब्रुवारीत २६ हात आणि ३७ सेकंद, एकूण ६३. जूनमध्ये १८ हात आणि ४५ सेकंद, एकूण ६३. “हात पुढे गेल्यावर थांबतोय, ताई. थांबलात की वेग पडतो, मग तो पुन्हा मिळवण्यात ताकद जाते.”

लांब घसरत जाण्याची मजा असते, ती सोडवत नाही. पण पाण्यात थांबलेला हात म्हणजे ब्रेक. त्यानंतर आम्ही हात मोजणं आणि सेकंद मोजणं कधीच वेगळं केलं नाही. टोपीखाली ठेवायचं एक छोटं यंत्र मिळतं, ते ठरावीक अंतराने टिकटिक करतं. प्रत्येक टिकेला एक हात. दर आठवड्याला अंतर किंचित कमी करायचं आणि बेरीज कुठे सगळ्यात खाली येते ते शोधायचं. माझं उत्तर १८ नव्हतं आणि २६ ही नव्हतं, २१ च्या आसपास होतं. तुमचं तुमच्या उंचीवर आणि हातांच्या लांबीवर ठरेल, दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका. जूनमध्ये सोडून द्यावंसं वाटणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: जुनी सवय मोडलेली असते आणि नवी अजून थकव्यात टिकत नसते, असा एक काळ येतो. त्या काळात घड्याळ खोटं बोलत नाही, पण पूर्ण गोष्टही सांगत नाही.

जुलैपासून आठवड्याची घडी बसली. चार दिवस पाण्यात: एक दिवस फक्त ड्रिल्स (मुठी मिटून पोहण्यासारखे तंत्राचे सराव), एक दिवस चाचणीच्या वेगाने १०० मीटरच्या फेऱ्या मध्ये थोडी विश्रांती घेऊन, एक दिवस २५ आणि ५० मीटर अगदी वेगाने, पूर्ण विश्रांतीसह, आणि एक दिवस लांब, सावकाश. ड्रिल्स नेहमी सुरुवातीला, अंग ताजं असताना. थकल्यावर केलेलं ड्रिल चुकीची हालचाल पक्की करतं.

ऑगस्टमध्ये टर्न, म्हणजे भिंतीपाशी वळणं. २५ मीटरच्या तलावात २०० मीटरला सात टर्न येतात, म्हणजे सात वेळा भिंत फुकटचा वेग देते. फ्रीस्टाइलमध्ये शरीराचा कोणताही भाग भिंतीला लागला तरी नियमाने चालतं, हाताने शिवून वळलं तरी हरकत नाही. मी कोलांटी टर्न शिकले. आठवडाभर चक्कर यायची आणि नाकात पाणी जायचं; कोलांटी घेताना नाकातून जोरात श्वास सोडला की पाणी शिरत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भिंत सोडतानाची ठेवण: एक पंजा दुसऱ्यावर, दंड कानांमागे, पोट आत. १५ मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर यावंच लागतं, पण आपल्यासारख्यांना पाच-सहा मीटर नीट मिळाले तरी पुष्कळ.

मग सूर. ब्लॉकवर, म्हणजे जिथून शर्यत सुरू होते त्या चौथऱ्यावर, उभं राहण्याची मला खरोखर भीती होती. ब्लॉक पाण्यापासून अर्धा ते पाऊण मीटर उंच असतो, वरून त्याहून उंच वाटतो. आधी कठड्यावर बसून, मग एका गुडघ्यावर, मग उभ्याने, मग ब्लॉकवरून, अशा पायऱ्या घेतल्या. खोली विचारल्याशिवाय कुठेही सूर मारू नका. ब्लॉक असलेल्या टोकाला किमान १.३५ मीटर पाणी असावं असा जागतिक नियम आहे आणि शिकताना त्याहून जास्त हवं. ज्यांना सूर जमतच नाही त्यांनी खचू नये. मास्टर्स, म्हणजे मोठ्या वयाच्यांच्या, स्पर्धांच्या नियमांत ब्लॉकवरून, कठड्यावरून किंवा पाण्यात भिंत धरून सुरुवात करायची मुभा आहे. मास्टर्समध्ये बटरफ्लायलाही ब्रेस्टस्ट्रोकची लाथ चालते. हे नियम मोठ्या वयाच्या शरीराचा विचार करूनच केलेले आहेत.

सप्टेंबरात कागदपत्रं. वर्ल्ड ॲक्वाटिक्स (आधीचं फिना) या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार मास्टर्स गट वयाच्या २५ पासून सुरू होतात आणि पाच-पाच वर्षांचे असतात. वय धरलं जातं ते स्पर्धेच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला. माझा वाढदिवस डिसेंबरात, त्यामुळे शर्यतीच्या दिवशी ४४ पूर्ण असूनही माझा गट ४५ ते ४९. अर्जात गट भरताना हे बघा, नाहीतर अर्ज परत येतो. मला लागलेली कागदं: जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, फोटो, वैद्यकीय दाखला, आणि स्वतःच्या जबाबदारीवर पोहत असल्याचं सही केलेलं पत्र. दाखला किती जुना चालतो हे आयोजकांना विचारून घ्या. माझा फेब्रुवारीतला चालला नाही, नवा काढावा लागला. आधी सदस्य नोंदणी आणि मग स्पर्धेचा प्रवेश, अशी दोन टप्प्यांची गोष्ट असते. नोंदणी क्रमांक यायला दहाएक दिवस लागले, म्हणून शेवटच्या तारखेच्या महिनाभर आधी सुरुवात करावी. सदस्यत्व कधी संपतं तेही पाहून ठेवा.

प्रवेश अर्जात ‘नोंदणी वेळ’ विचारतात, म्हणजे तुमची अपेक्षित वेळ. ती प्रामाणिक द्या. हीट (एका वेळी पोहणाऱ्यांचा गट) लावताना साधारणपणे वय न पाहता याच वेळेनुसार लावतात आणि निकाल वयोगटानुसार काढतात. मी ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा चाचणी दिली होती: ४०० मीटर ८:२०, २०० मीटर ३:५६. म्हणजे १०० मीटरला २ मिनिटं १२ सेकंद. लांबीला ३३ सेकंद, २१ हात, बेरीज ५४. फेब्रुवारीतल्या ६३ शेजारी तो आकडा लिहिला तेव्हा फार समाधान वाटलं. नोंदणी वेळ ३:५६ दिली.

पोशाखाबद्दल थोडं. २०१० पासून पॉलियुरेथेनचे पोशाख बंद आहेत, कापडीच चालतात. बायकांचा पोशाख खांद्यांपलीकडे किंवा गुडघ्याखाली जाऊ नये, पुरुषांचा बेंबीच्या वर किंवा गुडघ्याखाली. पहिल्या शर्यतीला महागडा रेसिंग सूट घेण्याची गरज मला वाटली नाही. तो पैसा कोचच्या तासांवर घालवावा, हे माझं ठाम मत. गॉगल्स मात्र दोन जोड ठेवा. आणि सूर मारताना गॉगल्स निसटत असतील तर पट्टा दोन टोप्यांच्या मध्ये ठेवा, दोन टोप्या नियमात बसतात.

शेवटचे दोन आठवडे अंतर जवळपास निम्म्यावर आणलं, वेगाचे तुकडे तसेच ठेवले. या दिवसांत अंग विचित्र जड वाटतं. कोचने आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून जास्त पोहायचा मोह टळला.

शर्यतीच्या दिवशी लवकर पोहोचून हजेरीची सही केली, हीट आणि लेन लिहून घेतली, वॉर्मअपमध्ये त्या तलावाच्या भिंतीवर टर्न करून पाहिले. तळावरची खूण आणि भिंत यातलं अंतर डोळ्यांत बसवणं महत्त्वाचं. नंतर थांबणं लांबलं, अंग गार पडतं, गरम कपडे आणि मोजे जवळ असू द्या. माझ्या हीटमध्ये सत्तरीच्या पुढच्या एक बाई होत्या, नोंदणी वेळ माझ्याएवढीच. त्यांनी विचारलं, “पहिलीच का?” मी मान हलवली. “पहिले पन्नास मीटर हात आवरा,” एवढंच म्हणाल्या.

तुटक शिट्ट्या झाल्या की पोशाखावरचे कपडे काढायचे, लांब शिट्टी झाली की ब्लॉकवर चढायचं, ‘टेक युअर मार्क्स’ म्हटल्यावर स्थिर राहायचं. सिग्नलआधी सूर मारला तर दुसरी संधी नाही. मी सिग्नल ऐकला, थोडी उशिरा निघाले, गॉगल्स जागेवर राहिले. पहिले ५० मीटर ५१ सेकंदांत झाले, हात आवरूनही. दुसरे ५७. तिसऱ्या पन्नासात दंड भरून आले आणि कोपर खाली पडायला लागलं. तेव्हा वेगाचा विचार सोडला आणि दोनच गोष्टी धरल्या: बुडबुडे आणि कोपर. ते ६० सेकंदांत गेले. शेवटच्या टर्ननंतर पाय सोडले आणि ते पन्नास ५९ मध्ये झाले. एकूण ३ मिनिटं ४७ सेकंद. शेवटी हात पूर्ण ताणून भिंत गाठायची, मधे श्वास घ्यायचा नाही, हे कोचने घोकून घेतलं होतं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ४१ वर्षांच्या अमेरिकन जलतरणपटू डारा टोरेसचं ५० मीटरचं सुवर्ण एका शतांश सेकंदाने हुकलं, हे ती प्रत्येक सरावाला सांगायची.

त्या बाई माझ्या आधी पोहोचल्या होत्या. मास्टर्समध्ये बाकीचे पोहत असेपर्यंत आपल्या लेनमध्ये थांबता येतं, बाहेर पडायची घाई नसते. आम्ही दोघी दोरीला धरून उभ्या होतो. त्यांनी माझी वेळ विचारली, मी सांगितली, त्या म्हणाल्या, “तिसऱ्यात ढिल्या झालात ना? सगळ्यांचं तिथेच होतं.”

वयोगटात मी मधे कुठेतरी आले. घरी येऊन चारही पन्नासांच्या वेळा वहीत लिहिल्या. कोचशी बोलून पुढच्या तीन महिन्यांचा सराव त्या तिसऱ्या पन्नासावर बेतला आहे: १५० मीटरच्या फेऱ्या, शेवटच्या ५० मीटरला दर लांबीचे हात २२ च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. सदस्यत्वाच्या नूतनीकरणाचा अर्ज भरून ठेवलाय, आणि पुढच्या हंगामात २०० सोबत ४०० मीटरही लिहिणार आहे, नोंदणी वेळ ८:२०.